दिंडीचं स्वागत आणि स्थलांतरित लेकरू : शाळेनं काय शिकावं?



बाहेरून आलेल्या माणसांचं स्वागत, संस्कृतींची देवाणघेवाण असे विषय निघाले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका नाहीतर कॅनडा येतो. विमानतळ, व्हिसा आणि परदेशात गेलेला कुणाचा तरी मुलगा. पण बीड जिल्ह्यात स्थलांतर हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. दरवर्षी दसरा झाला की इथली लाखो माणसं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची लेकरंही निघतात. ती जिथं जातात तिथं परकी असतात. राज्य तेच आणि भाषाही बहुतेक तीच, तरी परकी.

या लेकरांचं स्वागत नीट कसं करता येईल, हा आजचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ, नारायणगडाचं.

गडाला जे जमतं ते

नारायणगड हे आपल्या जिल्ह्यातलं मोठं वारकरी ठाणं. नगद नारायण महाराजांचं हे स्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखलं जातं. आषाढीला इथून पालखी पंढरपूरला निघते. महाराष्ट्राच्या गावोगावाहून अशाच दिंड्या निघतात आणि रोज हजारो अनोळखी माणसं अनोळखी गावांत मुक्काम करतात. तरी कुणी उपाशी राहत नाही.

हे कसं जमतं? लोक भाविक असतात हे खरंच. पण नुसत्या भाविकपणावर एवढी माणसं जेवत नाहीत. त्यामागं एक घडी बसलेली असते. ती जरा उलगडून बघू.

पहिली गोष्ट, दिंडी कधी येणार हे गावाला आधीपासून माहीत असतं. तिथी ठरलेली, दुपारचा विसावा ठरलेला, रात्रीचा मुक्काम ठरलेला. दुसरी गोष्ट, किती माणसं येणार याचा अंदाज असतो, त्यामुळं पीठ किती मळायचं ते कळतं. तिसरी गोष्ट, उतारा कुणाकडं आणि पंगत कुणाची हे नावानिशी ठरलेलं असतं. ‘गाव बघेल’ असं मोघम काही नसतं. चौथी गोष्ट, दिंडीचा एक प्रमुख असतो आणि गावातही बोलायला एक माणूस असतो. आणि पाचवी, येणाऱ्याला हाक मारायला एक शब्द तयार असतो : माउली. नाव माहीत नसलं तरी अडत नाही.

आता याच पाच गोष्टी ऊसतोडीला जाणाऱ्या लेकराला लावून बघा.

कोयता मोजला जातो, लेकरू नाही

ऊसतोडीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधीच प्रत्येक कोयत्यामागं उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. असे कोयते मिळून टोळी होते. ही टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट भागातल्या कारखान्यावर जाते. तिथं अड्ड्यावर कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू झालेला हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गाळप संपलं की म्हणतात, पट्टा पडला. मग परतीची वाट.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणत्या गावातून किती कोयते, कोणत्या मुकादमाकडून, कोणत्या कारखान्यावर जाणार, हे सगळं हंगामाच्या आधी ठरलेलं असतं. कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. म्हणजे दिंडीला लागणारी माहिती इथंही असते. तिथी असते, संख्या असते, मुक्काम असतो, प्रमुखही असतो. पण हे सगळं उसासाठी असतं. कोयत्याबरोबर किती लेकरं आली, ती कितवीत आहेत, हे त्या हिशोबात नसतं. म्हणून डिसेंबरात एखाद्या सकाळी फडाशेजारच्या शाळेच्या दारात चार नवी पोरं येऊन उभी राहतात आणि गुरुजींना वाटतं, ही अचानक आली. ती अचानक आलेली नसतात. फक्त कुणी कळवलेलं नसतं.

पाचवी गोष्ट हाकेची. वारकऱ्याला माउली म्हणणारं गाव या पोरांना काय म्हणतं? ‘ऊसतोड्यांची पोरं’, नाहीतर ‘कोपीवरची’. हजेरीपटावर पूर्ण नाव यायलाच कधीकधी महिना जातो, आणि बऱ्याचदा ते येतही नाही.

आजवर काय काय झालं

या प्रश्नावर कुणी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रयत्न झाले, आजही चालू आहेत. प्रत्येकातून काहीतरी शिकण्यासारखं आहे.

साखरशाळा. १९९० च्या दशकात औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) जनार्थ संस्थेनं कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवायला सुरुवात केली. पुढं इतर संस्था आणि शासनही त्यात आलं. कोल्हापूरच्या अवनि संस्थेनं वीटभट्टी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मोठं काम उभं केलं. साखरशाळेचा मोठा गुण म्हणजे शाळा लेकराच्या कोपीजवळ गेली. पण मर्यादाही तिथंच होती. कोपीवरची मुलं कोपीवरच्याच मुलांबरोबर शिकत होती. शेजारच्या गावातल्या मुलांशी त्यांची ओळख व्हायची राहून जात होती.

हंगामी वसतिगृह. ही सोय मुलांच्या मूळ गावात असते. आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरू आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडं राहतं, त्याच्या जेवणाखाण्याची व्यवस्था शाळेमार्फत होते आणि त्याची शाळा सुटत नाही. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचं वर्ष यामुळं वाचलं. पण ज्या घरात मागं कुणी म्हातारं माणूस नाही, किंवा ज्या आईला वयात येणाऱ्या मुलीला मागं ठेवायची भीती वाटते, तिथं ही सोय अपुरी पडते.

शिक्षण हमी कार्ड. लेकरू बाहेरगावी निघालं की मूळ शाळेनं त्याला हे कार्ड द्यायचं आणि नव्या शाळेनं ते बघून त्याला वर्गात बसवायचं, अशी ही पद्धत. साधी आणि उत्तम. अडचण एवढीच की बऱ्याच कार्डांवर नाव, इयत्ता आणि शिक्का याशिवाय काही नसतं.

वसतिगृह योजना. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये शासनानं संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं करायचं ठरलं. योजनेच्या नावातही आपल्या गडाचा धागा आहे. भगवानबाबांचे गुरू माणिकबाबा नारायणगडाचे. तिथून बाहेर पडल्यावर बाबांनी पुढं भगवानगड उभा केला. गड दोन झाले, पण दोन्हींच्या पायथ्याच्या गावांतून दसऱ्यानंतर निघणाऱ्या टोळ्या एकाच वाटेनं जातात.

कायदा काय म्हणतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या काही कलमांची आपल्याला रोज गरज पडते, म्हणून सोप्या भाषेत देतो.

कलम ४ : शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

कलम ५ : कोणत्याही कारणानं मूल दुसऱ्या गावी गेलं, अगदी दुसऱ्या राज्यात गेलं, तरी त्याला शाळा बदलून घेण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

कलम ९ : स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे.

कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या त्या चार पोरांना आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न मुळात शिल्लकच नाही. तरी अडतं. का अडतं तेही मोकळेपणानं बोलू. मूळ शाळेला धास्ती असते की नावं कमी झाली तर पट घसरेल आणि संचमान्यतेत शिक्षकाचं एखादं पद जाईल. नव्या शाळेला वाटतं, तीन महिन्यांची पाहुणी पोरं, परीक्षेच्या वेळी निघून जाणार, यांची जबाबदारी आपण कशाला घ्या? दोघांची अडचण समजण्यासारखी आहे. पण दोघांच्या मधे जे लेकरू उभं आहे ते एका शाळेत नावापुरतं असतं आणि दुसऱ्या शाळेत नाव नसलेलं असतं. असं दोन-तीन हंगाम झालं की ते शाळा सोडतं. मुलगा असेल तर हातात कोयता येतो, मुलगी असेल तर लवकर लग्न लावून दिलं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो ना, तिथंच हा हिशोब येऊन थांबतो.

दुसरीकडं काय करतात?

केरळमध्ये बंगाल, ओडिशा, आसाम, बिहारकडून कामगार येतात. त्यांच्या मुलांना मल्याळम येत नाही. एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ साली ‘रोशनी’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात मुलांच्या भाषा जाणणाऱ्या स्वयंसेविका शाळेत आल्या. त्या आधी मुलाच्या भाषेत बोलतात आणि हळूहळू मल्याळमकडं नेतात. त्याच सुमारास केरळच्या साक्षरता मिशननं मोठ्या माणसांसाठी ‘चंगाती’ हा उपक्रम काढला. चंगाती म्हणजे मित्र. बाहेरून आलेल्या कामगारांना मल्याळम शिकवणारा हा कार्यक्रम आहे.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नव्यानं आलेल्या कुटुंबांना मदत करणारे कार्यकर्ते थेट शाळेत नेमलेले असतात. दाखला, दवाखाना, बसची वाट, सगळं ते समजावून सांगतात. नव्या मुलांसाठी शाळा सुरू होण्याच्या सुमारास ओळख आठवडाही घेतला जातो आणि त्यात शाळेतली जुनी मुलंच वाटाडे होतात.

ही उदाहरणं लांबची आहेत, पण त्यांतलं सूत्र आपल्या दिंडीतलंच आहे : मधे बोलायला एक ठरलेला माणूस. आपल्याकडं हे काम कोण करू शकेल? टोळीतलीच एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी, किंवा गावातली अंगणवाडीताई. पैशापेक्षा इथं ‘हे काम तुझं’ असं कुणीतरी सांगण्याची गरज जास्त आहे.

भाषा एक, तरी बोली वेगळी

‘बीड आणि कोल्हापूर, दोन्हीकडं मराठीच की!’ असं कुणी म्हणेल. पण बीडकडचं लेकरू ‘मपलं’, ‘तुपलं’, ‘कामून’ म्हणतं आणि अख्खा वर्ग हसतो. तिकडं कोल्हापूरकडची मुलगी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते, ते ऐकून आपल्याकडचं पोर गोंधळतं. टोळीत बंजारा कुटुंबं असतात, त्यांच्या घरात गोरमाटी बोलली जाते. त्या मुलांना प्रमाण मराठी ही तिसरी पायरी. कर्नाटकात गेलेल्यांना तर पाटीवरचं अक्षरही ओळखू येत नाही.

पहिल्याच आठवड्यात एकदा हसू झालं की ते लेकरू पुढं तोंड उघडत नाही. म्हणून बोलीचा हा फरक शिक्षकानं आपणहून वर्गात आणावा. फळ्याचे तीन भाग करा. एका बाजूला ‘तुमच्याकडं काय म्हणतात’, दुसऱ्या बाजूला ‘आमच्याकडं काय म्हणतात’. तिसऱ्या रकान्यात पुस्तकातला शब्द. दहा मिनिटांचा खेळ आहे. त्यात नवं पोर सांगणारं होतं, बाकीचे ऐकणारे.

शाळेत करता येण्यासारख्या गोष्टी

निघण्याआधी, मूळ शाळेत :

१. दसऱ्याच्या आधी पालक सभा घ्या. कोण, कुठं, कोणत्या मुकादमाबरोबर चाललंय याची यादी करा. मुकादमालाही सभेला बोलवा. तो गावातलाच असतो.

२. हमी कार्डावर लेकराला काय येतं ते लिहा. ‘दोन अंकी हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत अडखळतो, जोडाक्षरं सावकाश वाचतो’ एवढ्या तीन ओळी शिक्क्यापेक्षा जास्त कामाच्या आहेत.

३. पुस्तकं बरोबर द्या. बालभारतीचं मराठी माध्यमाचं पुस्तक बीडला आणि कोल्हापूरला एकच असतं. कोणत्या पानापर्यंत झालं त्याची खूण करून द्या, म्हणजे नव्या गुरुजींना तिथून पुढं जाता येईल.

४. जमलं तर नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा. दिंडी पोचण्याआधी गावात निरोप पोचतो, तसा.

पोचल्यावर, नव्या शाळेत :

१. पहिल्या दिवशी पूर्ण नावानं हजेरी घ्या आणि पोषण आहाराच्या पंगतीत बसवा. ताट कमी पडतंय ही सबब नको.

२. बसायला एक जोडीदार ठरवून द्या. नळ कुठं, शौचालय कुठं, सुट्टीत खेळ कोणता, हे तोच सांगेल.

३. उभं करून ‘कुठून आलास, वडील काय करतात’ अशी चौकशी सगळ्यांसमोर नको. ती ओळख हळूहळू होऊ द्या.

४. त्याला येणारं वर्गात वापरा. मोळी, खेप, टन ही मापं या मुलांना चांगली ठाऊक असतात. एका गाडीत किती मोळ्या, किती खेपांना किती टन, यावर गणितं तयार होतात. नकाशात बिंदुसरा, सिंदफणा दाखवा आणि पंचगंगाही दाखवा. एकीकडं पाणी आहे म्हणून ऊस आहे, दुसरीकडं पाणी नाही म्हणून माणसं येतात, हा भूगोलाचा धडा पुस्तकापेक्षा लवकर समजतो.

५. हंगामाच्या मधे संक्रांत येते, प्रजासत्ताक दिन येतो, स्नेहसंमेलन येतं. तिळगूळ द्यायला वर्गातल्या मुलांना अड्ड्यावर घेऊन जा. संमेलनात टोळीतल्या मुलांचं एक गाणं, एक नाच ठेवा. बंजारा मुलींचा नाच असेल, भारूड असेल, जे त्यांच्याकडं असेल ते.

परतल्यावर, पुन्हा मूळ शाळेत : पट्टा पडल्यावर आलेलं लेकरू आपल्याच वर्गात पाहुणं झालेलं असतं. त्याची जागा, त्याचा जोडीदार राखून ठेवा. नव्या शाळेनं कार्डावर काय लिहिलंय ते वाचा. ‘सहा महिने गायब होतास’ हे वाक्य टाळा. ते स्वतःहून गेलेलं नव्हतं.

एक अडचण शाळेच्या हातात नाही

हे सगळं केलं तरी काही मुलं, विशेषतः मुली, शाळेत येणार नाहीत. कारण आई पहाटे फडावर जाते आणि कोपीत तान्हं बाळ असतं. ते सांभाळायला नऊ-दहा वर्षांची ताई असते. तिला शाळेत आणायचं तर आधी बाळाची सोय लागते. अड्ड्याजवळ अंगणवाडी किंवा पाळणाघर असेल तरच त्या मुलीच्या हजेरीला अर्थ आहे. ही गोष्ट कारखाना, ग्रामपंचायत आणि अंगणवाडी यांनी मिळून करायची आहे. शिक्षकानं ती त्यांच्यापुढं पुन्हा पुन्हा मांडायची.

पालकांसाठी दोन शब्द

बागायती गावातल्या पालकांना कधीकधी वाटतं, ही पोरं आली तर आपल्या मुलांचं नुकसान होईल. नुकसान काय होणार? आपल्या मुलाला चहातली साखर कुठून येते ते कळेल, आणि दहा कोसांवरच्या माणसाशी कसं बोलायचं तेही. उद्या तोच मुलगा पुण्याला, मुंबईला, कदाचित परदेशात नोकरीला जाईल. तिथं कुणी त्याला जोडीदार व्हावं, जेवायला बोलवावं असं तुम्हाला वाटेलच ना? गावात सप्ताह बसतो, काल्याच्या दिवशी पंगत उठते. त्या पंगतीचं आवतन अड्ड्यावरही जाऊ द्या. टोळीत भजनी माणसं असतात, टाळ वाजवणारे हात असतात. सगळे वारकरी नसतील, कुणाचा देव वेगळा असेल, पण जेवायला बोलावल्याचा राग कुणालाच येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांनाही एक विनंती. निघताना हमी कार्ड मागून घ्या. तो तुमच्या लेकराचा हक्क आहे, शाळेचे उपकार नाहीत. पोचल्यावर कोपी उभी राहिली की दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत जा. कागद नसला तरी जा. आणि शक्य असेल तर मुकादमाशी बोलताना ‘शाळा किती लांब आहे’ हेही उचलीबरोबर विचारा. दहा जणांनी विचारलं तर मुकादमही कारखान्याला विचारायला लागेल.

आणि आपल्या भागातल्या शाळांनी हेही विसरू नये की आपण फक्त पाठवणारे नाही. आपल्याकडंही वीटभट्टीवर, जिनिंगवर, रस्त्याच्या कामावर बाहेरून कुटुंबं येतात. त्यांच्या पोरांना आपण कोणत्या नावानं हाक मारतो, ते एकदा तपासून बघा.

यंदाच्या पालक सभेची तारीख दसऱ्याच्या किमान पंधरा दिवस आधीची धरा. त्या दिवशी यादी पूर्ण झाली तर कार्डं भरायला वेळ मिळेल. ट्रक दारात उभा राहिल्यावर कार्ड भरायला घेतलं, तर त्यावर पुन्हा नाव आणि शिक्काच उरेल.